लवचीक तांब्याच्या तारेचा रोध मर्यादेपेक्षा जास्त का येतो?

प्रश्न (भोसरी, पुणे): आमच्या कारखान्यात २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तारेचा रोध केल्व्हिन ब्रिजवर (अगदी कमी रोध मोजणाऱ्या उपकरणावर) प्रतिकिलोमीटर ८.३० ओहम येतो, तर आयएस ८१३० या भारतीय मानकानुसार कमाल मर्यादा ७.९८ आहे. दोष तांब्यात आहे की मोजणीत, हे कसे ओळखावे?

उत्तर १: ती मर्यादा २० अंश सेल्सिअसची आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९३ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे पुण्यातल्या उन्हाळ्यात नमुना ३२ अंशांवर असेल, तर १२ अंशांच्या फरकासाठी (सुमारे ४.७ टक्के) आपला आकडा १.०४७ ने भागल्यावर ७.९३ येतो आणि तार उत्तीर्ण ठरते. मात्र तापमान खोलीचे नव्हे, तर तारेचे धरावे. यंत्रातून नुकतीच उतरलेली तार बराच वेळ गरम राहते.

उत्तर २: वरील मुद्दा योग्यच आहे. तरीही ७.९३ म्हणजे मर्यादेला अगदी खेटून, म्हणून मी एवढ्यावर समाधान मानणार नाही. विद्युतप्रवाहाच्या पकडीत लवचीक तारेतल्या सर्व बारीक तारा घट्ट बसल्या आहेत का, हे पाहावे, कारण काही सुटल्या तर रोध खोटा वाढतो. एक मीटरच्या नमुन्यात दोन मिलिमीटरची चूकही ०.२ टक्के फरक पाडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नमुना थेट यंत्रावरूनच घेतला होता. आता तो रात्रभर प्रयोगशाळेत ठेवून, पकडी तपासून पुन्हा मोजतो.