शहराजवळ घर घेतलंय? तुमचा अनुभव लिहा

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलंय. तो वांगणी-शेलू भागात वन बीएचके बघतोय. परवा फोनवर विचारत होता, "वहिनी, तुम्ही घर घेतलंत तेव्हा काय काय बघितलं होतं?" आम्ही फार कमी बघितलं होतं, आणि ते आम्हाला महागात पडलं. पण माझा अनुभव एकट्या बदलापूरचा आहे. मुंबई, पुणे, कुठल्याही शहराच्या आसपास ज्यांनी घर घेतलंय किंवा घ्यायचं टाळलंय, त्यांनी कृपया लिहा. चांगलं-वाईट दोन्ही. सुरुवात मी करते.

आम्ही २०१४ च्या एप्रिलमध्ये बदलापूर पश्चिमेला घर घेतलं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून तळमजला. उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. बिल्डरचा माणूस म्हणाला, संध्याकाळी पंखासुद्धा लावावा लागत नाही, आणि ते खरं होतं. पाच पावसाळे नीट गेले. २६ जुलै २०१९ च्या रात्री मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. वाटलं, गटार तुंबलं असेल. मी जाळीवर फडकं कोंबलं, तर ते तरंगत वर आलं. उंबऱ्याबाहेर अजून फरशी दिसत होती आणि घरात घोट्याएवढं पाणी! सासूबाईंना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचवलं, मग सिलिंडर, कागदपत्रांची पिशवी आणि गव्हाचा डबा. तेवढंच हाती लागलं. दुसऱ्या दिवशी वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याच पाण्यात आमचा फ्रिज आडवा तरंगत होता. पाणी ओसरलं तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, ओट्याच्या वर चार बोटं.

समोरच्या किराणा दुकानाच्या खांबावर २००५ च्या पुराची खूण होती. पाच वर्षं मी तिथून तेल-साखर आणत होते, पण खूण कसली ते कधी विचारलं नाही. जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो, हेही मला नंतर कळलं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची. आपला सर्व्हे नंबर त्या नकाशावर कुठे बसतो, हे बुकिंगची रक्कम देण्याआधी बघायला हवं होतं.

बदलापूर मात्र आम्ही सोडलं नाही. आता पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आहोत. त्या रात्री काकूंनी सोळा माणसांना पिठलं-भात वाढला होता. असे शेजारी जिथे मिळाले ते गाव सोडवत नाही.

टिटवाळा

ताई, तुमचं वाचून काटा आला. आमच्याकडे पाण्याची भीती नव्हती, गाडीची होती. आम्ही घर बघायला रविवारी दुपारी गेलो. गाडीत बसायला जागा, खिडकीतून हिरवं रान, उतरल्यावर गणपतीचं दर्शन. मन तिथेच हरखलं. पण टिटवाळ्याहून सीएसएमटी ६४ किलोमीटर, आणि कल्याणपुढे कसाऱ्याच्या बाजूला गाड्या कमी. एक चुकली की पुढची कधी, हा हिशोब डोक्यात ठेवूनच चपला घालायच्या. मुलगी दीड वर्षाची होती. मी निघायचे तेव्हा ती झोपलेली, परत यायचे तेव्हाही झोपलेली. एकदा सुट्टीच्या दिवशी तिने मला हाक मारायच्या आधी आजीकडे बघितलं, जणू विचारत होती, हिच्याकडे जाऊ का? त्या रात्री मी खूप रडले. पुढे ठाण्यात नोकरी मिळाली आणि दिवसाचा जवळजवळ दीड तास परत मिळाला. तुमच्या दिराला सांगा, सोमवारी सकाळी फलाटावर उभं राहून बघ. आणि एकट्याने नको, होणाऱ्या बायकोलाही ने. गाडी तिलाही पकडायची आहे.

नालासोपारा पूर्व

मी कागदांबद्दल लिहितो, कारण आमची झोप तिथेच उडाली. २०११ साली घर घेतलं तेव्हा एकाही राष्ट्रीयीकृत बँकेने आमच्या इमारतीला कर्ज दिलं नाही. बिल्डर म्हणाला, "त्यांची प्रोसेस किचकट असते, आपली पतपेढी आहे ना." आम्ही विश्वास ठेवला. बँकेच्या वकिलाने कागद बघून नकार दिला होता, हा इशारा आम्हाला कळायला हवा होता. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आजही नाही. बाहेर कुठे बेकायदा इमारतीवर कारवाई झाल्याची बातमी आली की आमच्या जिन्यात माणसं जमतात आणि हळू आवाजात बोलतात. चौदा वर्षं हप्ते भरलेल्या घरात असं राहायचं!

आता रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आहे, पण नुसता नोंदणी क्रमांक बघून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची रेरा नोंदणी झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांची काय चूक होती? म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः नगररचना विभागात जा, त्यांच्या नोंदीशी ताडून बघा. सातबारा, फेरफार आणि जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या वकिलाकडून नको. आणि करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. रेरा कायद्याने बिल्डरला ती मागताही येत नाही.

अंबरनाथ

आधी एक पावसाळा आणि एक मे महिना तिथेच भाड्याने राहा. आम्ही तसंच केलं आणि ठरवलेली इमारत बदलली.

उंड्री, पुणे

पुण्याकडचं वेगळं. इथे पूर नाही, इथे टँकर. आमचं गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आलं, पण आमच्या सोसायटीत नळाचं पाणी अजून पुरेसं नाही. मी दोन वर्षं खजिनदार होतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला पहिला टँकर यायचा. मी टॉर्च घेऊन खाली जायचो आणि टाकीत बांबू सोडायचो. त्याच्यावर खिळ्याने खुणा केल्या होत्या. बांबू किती ओला झाला यावरून कळायचं की टँकर पूर्ण भरलेला होता की नाही. मेंटेनन्सचा निम्म्याहून जास्त पैसा पाण्यात जायचा. लिफ्टची दुरुस्ती मागे पडली आणि सभेत भांडणं झाली, चांगल्या माणसांची एकमेकांशी.

महापालिकेचं पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डरने परवानगीच्या वेळी दिलेलं असतं. आमच्या फाइलमध्येही ते होतं, पण आम्हाला चार वर्षांनी सापडलं. घर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. आधी वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात.

उलवे, नवी मुंबई

सगळेच त्रासाचं लिहिताय, म्हणून मी समाधानाचं लिहितो. आम्ही २०१३ मध्ये घेतलं तेव्हा रात्री दूध संपलं तर थेट सकाळ. बायको म्हणायची, कुठे आणून टाकलंत. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, तेव्हा आम्ही दोघं पहिल्या आठवड्यात उगाच नेरूळपर्यंत जाऊन आलो. जानेवारी २०२४ मध्ये गाडी पुढे उरणपर्यंत गेली, अटल सेतूही झाला. पण दहा वर्षं आम्ही या सगळ्याची वाट बघितली. "स्टेशन येणार आहे" या भरवशावर घेणार असाल, तर आज जे आहे त्यावर तितकी वर्षं निभेल का, एवढंच बघा. इथल्या बऱ्याच इमारती साडेबारा टक्के योजनेच्या, म्हणजे नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या गावकऱ्यांना परत मिळालेल्या भूखंडांवर आहेत, आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने असते. भूखंड मूळ कोणाला मिळाला आणि पुढे कोणाच्या नावावर गेला, ते कागद क्रमाने लावून बघा.

वांगणीजवळचं एक गाव

मी घर घेतलेलं नाही. माझ्या आजोबांच्या भाताच्या खाचरांवर आता तीन इमारती उभ्या आहेत. जमीन आम्हीच विकली, बहिणींची लग्नं झाली, तक्रार नाही. पण दुःख एका गोष्टीचं वाटतं. घर बघायला रोज गाड्या येतात आणि आम्हाला कोणी काही विचारत नाही. कुठल्या खाचरात दिवाळीपर्यंत पाणी राहायचं, ओढा कुठून वळायचा, कोणत्या विहिरीला वैशाखात पाणी असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एका इमारतीचं पार्किंग बरोब्बर ओढ्याच्या जुन्या वाटेवर आहे. दर पावसाळ्यात तिथल्या मोटारसायकली ढकलत वर काढायला आम्हीच जातो. ताई, तुमच्या दिराला पाठवा. कुठला सर्व्हे नंबर बघतोय ते सांगितलं तर बांधावरून चालत नेऊन दाखवतो.

बदलापूर (धागा काढणारी)

दादा, मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. त्याने या रविवारी साइटवर जायचं ठरवलं होतं, ते आता रद्द केलंय. तो आणि होणारी जाऊबाई चांगला पाऊस लागला की सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येतील. रेनकोट घेऊनच या म्हणून सांगितलंय.