दांडिया बाजारातलं पडकं घर, मागणी 78 लाख: भाव नक्की कशाचा? (एक प्रश्न आणि तिघांची उत्तरं, टोपणनावांनी)

बाबाजीपुरा
बडोद्याच्या दांडिया बाजारात एका खांच्यात (अरुंद गल्लीत) जुनं घर विकायला आहे. प्लॉट 60 वार (चौरस यार्ड), म्हणजे 540 चौरस फूट. तळमजला आणि वर एक मजला, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागाच्या तुळया, वर कौलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढच्या खोलीत भाडेकरूचं दुकान. मागणी 78 लाख. दलाल खाली उभा असताना सांगतो, "घर धरूच नका, हा जमिनीचा भाव आहे." जिना चढताना तोच सांगतो, "असा साग आज मिळेल का?" वारस सात, त्यातला एक अमेरिकेत. कर्ज काढावं लागेल. भाव कसा काढायचा, पाहताना काय तपासायचं, कागदात कुठे अडकेल?

खांचेवाला
दलालाचं एकच वाक्य खरं धरा, दोन्ही नाही. जमिनीचा भाव द्यायचा तर ती मोकळी मिळाली पाहिजे. इथे दुकानदार बसलेला आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखालचा जुना भाडेकरू सहज उठत नाही. सामाईक भिंतींमुळे पाडकामही हातानेच होणार, शेजाऱ्याच्या तुळया तुमच्या भिंतीत खोवलेल्या असतील तर त्यांना टेकू द्यायचा खर्च तुमचा. म्हणून आधी आर्किटेक्टकडून कच्चा नकाशा काढून घ्या: रस्ता रुंदीची रेषा आणि सोडायची जागा वजा केल्यावर 540 मधलं किती बांधता येतं? तो आकडा हाती आल्याशिवाय "जमिनीचा भाव" या शब्दांना अर्थ नाही.

आता कर्ज. बँक मागणीवर नाही, स्वतःच्या व्हॅल्युअरने (मूल्यांकन करणाऱ्याने) धरलेल्या किमतीवर कर्ज देते. समजा त्याने 58 लाख धरले. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला कमाल 80 टक्के, म्हणजे 46.40 लाख. उरलेले 31.60 लाख तुमचे. 78 लाखांवर 4.9 टक्के स्टँप ड्यूटी 3.82 लाख, 1 टक्का नोंदणी 78 हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ). खिशातून 36.20 लाख गेले आणि अजून एक कौलही बदललेलं नाही. शिवाय इमारतीचं उरलेलं आयुष्य व्हॅल्युअरने कमी लिहिलं तर कर्जाची मुदतही आखडते. बानाखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आधी बँकेची तांत्रिक पाहणी करून घ्या.

"दस्तावेज (खरेदीखत) 50 लाखांचा, बाकी रोख" असं सुचवलं जाईलच. रोख दिलेल्या रकमेवर कर्ज नाही, सौदा फिसकटला तर पुरावा नाही, आणि उद्या विकताना तुमची खरेदी किंमत 50 च धरली जाईल.

ओळंबा
घर पाहायला टॉर्च, हातोडी, टोचा, ओळंबा आणि 20 फूट सुतळी न्या. साग चांगला आहे का हे तुळईच्या मधोमध बघून कळत नाही, तिथे तो शंभर वर्षंही टिकतो. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. टोकाशी हातोडी मारा. आवाज पोकळ आला आणि टोचा अर्धा इंच सहज गेला तर तिथे उधई (वाळवी) किंवा कूज आहे. मग सुतळी तुळईच्या खालून दोन्ही टोकांना ताणा. 12 फुटांच्या तुळईत अर्ध्या इंचापर्यंत झोल चालतो, दीड इंच असेल तर ती बदलायची धरा.

भिंतीला ओळंबा लावा. 14 इंची भिंत वरून खालपर्यंत सव्वादोन इंचांपेक्षा जास्त कलली असेल (जाडीचा सहावा हिस्सा), तर इंजिनियरशिवाय पुढे जाऊ नका. भेगांचं बडोद्यात वेगळं गणित आहे. खाली काळी माती, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. मे महिन्यातली भेग ऑगस्टमध्ये मिटलेली दिसते आणि विकणारा नेमका तेव्हा घर दाखवतो. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

2019 आणि 2024 च्या पुरात खांच्यात पाणी किती चढलं, हे शेजाऱ्यांना विचारा, दलालाला नको.

बाबाजीपुरा
खालच्या सगळ्या भिंतींना 4 फुटांपर्यंत नवं सिमेंट प्लास्टर आहे, त्यावर टाइल्स. वर दुकानाच्या डोक्यावर नंतर केलेली न्हाणी आहे. "रिनोव्हेशन केलंय" म्हणून 6 लाख वेगळे मागतात.

ओळंबा
त्या 6 लाखांनी घर बिघडवलं आहे. जुन्या पायात ओल अडवणारा थर नसतो, पाणी विटांतून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकतं. सिमेंट आणि टाइल्सनी ती वाट बंद केली की ओल टाइलच्या वर, 5-6 फुटांवर निघते. तिथे बोट फिरवा, पांढरा लोणा (क्षार) हाताला लागेल. दुरुस्ती म्हणजे ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सगळं काढायचं, सांधे इंचभर खरवडायचे, एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्यायची, मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा. म्हणजे वर्षभर राहायला जाता येत नाही, ते भाडंही हिशोबात घ्या.

न्हाणीखालच्या तुळया दुकानातून दिसतात. दुकानाला फॉल्स सीलिंग असेल तर एक पॅनेल उघडायला सांगा. नकार आला तर तिथल्या सगळ्या तुळया बदलायच्या धरून भाव करा.

फेरफार
कागद या क्रमाने. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड: सातही वारस चढलेत का? आजोबांचंच नाव असेल तर आधी पेढीनामा (वंशावळ) आणि वारसाई (वारसांची नोंद), मग बोलणी. लग्न झालेल्या मुलींचा हिस्सा धरलेला नसणं ही नेहमीची खोट. त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्क-कमी (हक्कसोडपत्र) हवाच, "बहिणींचं काही म्हणणं नाही" हा कागद नव्हे.

अमेरिकेतल्या वारसाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, भारतात आल्यापासून 3 महिन्यांत त्यावर स्टँप लागला पाहिजे. त्याच्या हिश्श्याला 1 टक्का टीडीएसचा नियम लागत नाही. तो अनिवासी असल्याने कपात भांडवली नफ्याच्या दराने होते आणि ती कापायची जबाबदारी तुमची. इथे बरेच जण सगळ्यांचा 1 टक्का कापून मोकळे होतात आणि नोटीस खरेदीदाराला येते.

तो सर्व्हे नंबर अशांत धाऱ्यात (ठरावीक भागांतल्या मालमत्ता विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) येतो का, कलेक्टर कचेरीत बघा. येत असेल तर कलेक्टरची परवानगी आधी, दस्तावेज नंतर. परवानगीशिवायचा व्यवहार रद्दबातल ठरतो.

मग 30 वर्षांचा सर्च (नोंदणी दप्तरातला शोध), महापालिकेची घरवेरा (घरपट्टी) थकबाकी, जाहीर नोटीस. भाडेकरूची शेवटची पावती बघा, कोणाच्या सहीची आहे ते. सात जणांतला एकच भाडं खात असेल तर बाकीचे सहा बानाखताला येतील तेव्हा तो हिशोबही टेबलावर येईल, आणि तुमची तारीख पुढे जाईल. म्हणून बानाखतात मुदत "शेवटची परवानगी आणि शेवटची सही मिळाल्यापासून 90 दिवस" अशी लिहा, कॅलेंडरची तारीख घालू नका.