पांढरं रण काढायला घेतलं की समुद्रच होतोय, काय करू?

दांडियाबाजारवाली: नमस्कार मंडळी. डिसेंबरात घरचे सगळे कच्छात धोरडोला गेलो होतो, तेव्हापासून ते मिठाचं रण डोक्यातून जातच नाहीये. चार कॅनव्हास झाले अ‍ॅक्रिलिकमध्ये. खाली पांढरं, वर निळं, मध्ये रेघ. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र छान आलाय गं"! मला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करायचंय पण सीनरीच होते. चौथ्यात तर जोशात येऊन रंगात खडेमीठ कालवलं, हिवाळ्यात काय चमकत होतं, जुलै लागला आणि त्याला घामच फुटला, खाली भिंतीवर ओघळ आलेत. वाचेल का ते?

ब्रशवाले काका: मीठ हवेतलं पाणी ओढणारच की. बडोद्याच्या पावसात डब्यातलं मीठ गोळा होतं तिथे कॅनव्हासचं काय घेऊन बसलात. वॉटरकलरमध्ये मीठ वापरतात पण ते ओल्या रंगावर भुरभुरायचं, दाणा भोवतालचं पाणी पितो आणि फुलासारखा डाग उमटतो, मग वाळल्यावर झटकून टाकायचं. ठेवायचं नसतं हो! वरून वार्निश मारू नका, ओल आत अडकेल. मागच्या पिनाही गंजल्या असतील, बघा. फोटो काढून ठेवा आणि सोडा त्याचा नाद. खरखरीतपणा हवा तर जेसोत, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या अस्तरात, मार्बल पावडर घाला.

जुना_फाइनआर्ट्सवाला: मीठ राहू दे, खरी गडबड त्या रेघेत आहे. आडवी रेघ आली की डोळा त्याला क्षितिज समजतो, मग वर आकाश आणि खाली समुद्र, सासूबाईंचं काही चुकलं नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदी बघा. 1972 पासून 1990 ला वारल्या तोपर्यंत आपल्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजात शिकवत होत्या. घरच्यांचा धंदा बहारीनला, त्यामुळे तिथलं वाळवंट बघितलेलं. पण नंतरच्या ड्रॉइंगमध्ये वाळू नाही की उंट नाही, नुसत्या पेन्सिल आणि शाईच्या बारीक रेघा, आणि तरी ऊन लागतं बघताना. 2016 ला न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीच्या दोन प्रदर्शनांतलं एक त्यांचं होतं, आणि इथे निम्म्या बडोद्याला नाव माहीत नाही. असो. ताई, तुम्ही रणात वर बघत होतात की खाली?

सेवउसळ_प्रेमी: पांढऱ्यावर पांढरं फासायचं आणि त्याला कला म्हणायचं, आमच्या घरी पेंटर दिवाळीला हेच करतो 😄

दांडियाबाजारवाली: @जुना_फाइनआर्ट्सवाला खाली! मिठाचे पापुद्रे, वेडेवाकडे पंचकोन-षटकोन, कडा वर उचललेल्या, आणि मुलाचा बूट घुसला तर खालून काळाकुट्ट चिखल वर आला, अर्धा तास तेच धूत होतो. हे मी चित्रात घेतलंच नाही की.

ब्रशवाले काका: मग आधी अख्खा कॅनव्हास काळा-तपकिरी करा, वाळू द्या, वर पांढरं जाड लावून ओलं असतानाच पॅलेट नाइफने खरवडा. ट्यूबमधलं टायटॅनियम व्हाइट तसंच लावू नका, चुन्यासारखं दिसतं, चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला.

दांडियाबाजारवाली: केलं काल! रेघ नाही, आकाश नाही. सासूबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "भिंतीचे पोपडे का काढलेस?" समुद्र तर गेला 🙏 काका, ती मार्बल पावडर रांगोळीवाल्याकडची चालेल ना?