मदत हवी आहे: पोस्टर आधी की पेटंट?

नमस्कार मंडळी,

सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतोय. मातीतून वेगळ्या काढलेल्या एका जिवाणूचं लायपेज (चरबी तोडणारं एन्झाइम) थंड पाण्यातही तेलकट डाग काढतं. मूळ जिवाणू ते फारच कमी बनवायचा, म्हणून जनुकाचा प्रोमोटर (जनुक किती काम करेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) बदलून नवा स्ट्रेन (वाण) केलाय. परिषदेसाठी पोस्टरचा सारांश लवकरच पाठवायचाय. गाईड म्हणतात, पाठवून दे, पेटंटचं मागाहून बघू. लॅबमधल्या सीनियर ताई म्हणतात, पोस्टर लागलं की पेटंट विसर. दोघांच्या मध्ये मी!

वाचलंय ते असं: 1980 साली चक्रवर्ती खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तेल पचवणाऱ्या, मुद्दाम घडवलेल्या स्यूडोमोनास जिवाणूला पेटंट मिळू शकतं असं 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं. म्हणजे सजीव असणं आड येत नाही. पण 2013 च्या मिरियड निकालात त्याच न्यायालयानं नुसता वेगळा काढलेला नैसर्गिक डीएनए नाकारला आणि सीडीएनए (प्रयोगशाळेत आरएनएवरून बनवलेला डीएनए) चालेल म्हटलं. मग आमचा मूळ जिवाणू बाद आणि नवा स्ट्रेन पात्र, असं समजायचं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बुरशीवाला: ताईंचं ऐका. युरोपात अर्जाच्या तारखेआधी पोस्टर, प्रबंध, भाषण, काहीही जाहीर झालं की नावीन्य गेलं, मग ते खुद्द संशोधकानं केलेलं असलं तरी. अमेरिकेत स्वतःच जाहीर केल्यावर 12 महिन्यांची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहिलात तर युरोप हातचं जाईल. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, तारीख राखून ठेवणारा) अर्ज टाका, मग खुशाल पोस्टर लावा. पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. मात्र प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. पानभर मोघम खरडून उपयोग शून्य. प्रोमोटरचा क्रम, माध्यम, तापमान, पीएच, मूळ आणि नव्या स्ट्रेनच्या एन्झाइमचे आकडे, सगळं घाला. आणि सारांश-पुस्तिका ऑनलाइन कधी येते ते आयोजकांना विचारा. ती बहुधा पोस्टरच्या आधीच येते, आणि घात तिथेच होतो.

पेट्रीडिश: मूळ जिवाणू सगळीकडेच बाद नाही. युरोपच्या 1998 च्या निर्देशानुसार निसर्गात आधीपासून असलेलं जैविक द्रव्यही वेगळं काढलं असेल तर शोध ठरू शकतं. अमेरिकेत अवघड, तिथे नवा स्ट्रेन आणि डाग काढायची पद्धत यांवर दावे (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागता ते) बांधा. दुसरं म्हणजे, लेखी वर्णनावरून इतरांना तोच जिवाणू मिळवता येणार नसेल तर 1977 च्या बुडापेस्ट करारातल्या मान्यताप्राप्त संग्रहात कल्चर (जिवाणूचा जिवंत नमुना) जमा करावं लागतं. एका ठिकाणी जमा केलं की करारातले सगळे देश ते मानतात, आणि ते किमान 30 वर्षं सांभाळलं जातं. युरोप हवं असेल तर हे अर्जाच्या तारखेपर्यंत व्हायला हवं.

धागाकर्ता: दोघांचे खूप आभार! गाईडना हा धागाच दाखवतो. सारांशात स्ट्रेन आणि प्रोमोटरचं नाव न घेता फक्त 'थंडीत चालणारं जिवाणूजन्य लायपेज' एवढंच लिहिलं तर?

बुरशीवाला: बऱ्यापैकी सुरक्षित, पण तेवढं वाक्यही पुढे तुमच्या व्यापक दाव्याविरुद्ध काढता येतं. अर्ज होईपर्यंत तेही नको.