'टू'पुढे कधी 'मीट', कधी 'मीटिंग'? कंबाईनसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या कंबाईन (संयुक्त) मुख्य परीक्षेची तयारी करतोय. सगळं शिक्षण मराठी माध्यमात. मराठी व्याकरण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण इंग्रजी क्रियापदापाशी घोडं पेंड खातं.

कालच्या सराव पेपरात होतं, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू ___ यू.' मी बेधडक 'मीट' लावलं. 'टू'पुढे मूळ रूप, हे शाळेपासून घोकलंय. उत्तरतालिकेत 'मीटिंग'! पुढच्याच प्रश्नात 'ही यूज्ड टू ___' आलं. तिथं शहाणा होऊन 'स्मोकिंग' लावलं, तर उत्तर 'स्मोक'. चार चुकांना एका बरोबर उत्तराचे गुण जातात, त्यामुळं अंदाजपंचे परवडत नाही.

सरांना विचारलं तर म्हणाले, यादी पाठ कर. यादी पाठ आहे ओ, पेपरात ऐनवेळी आठवत नाही.

शिवाय डोक्यातलं मराठी मधे येतं ते वेगळंच. आपण परीक्षा 'देतो', म्हणून मी 'गिव्ह' लिहिलं. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि 'गिव्ह' करतात मास्तर. सगळा उलटा कारभार. 'डिस्कस अबाउट'नंही असाच एक गुण खाल्ला, तिथं 'अबाउट' लागतच नाही म्हणे.

पण मुख्य अडचण 'टू'ची. यादीशिवाय काही ताळा आहे का?

प्रतिसाद १:
आहे की भावा. रिकाम्या जागेत 'इट' घालून वाच. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' बसतंय न्हवं? मग तो 'टू' शब्दयोगी अव्यय, पुढं 'मीटिंग'. 'ही यूज्ड टू इट' कानाला खटकतं, म्हणून 'स्मोक'. पण 'ही इज यूज्ड टू इट' बसतं, कारण तिथं अर्थ 'सवय झालीय' असा आहे, सबब 'स्मोकिंग'. 'ऑब्जेक्ट टू' असंच तपास. फक्त 'द नाइफ इज यूज्ड टू कट'मध्ये फसू नको, तिथं सुरी 'वापरली जाते', तिला सवय लागलेली नाही.

धागाकर्ता:
भारी! जुन्या पेपरातले नऊ प्रश्न लावून बघितले, नऊही बसले. आता एवढंच सांगा, 'शी मेड मी क्राय'मध्ये 'टू' नाही, मग 'आय वॉज मेड टू क्राय'मध्ये कुठून उगवला?

प्रतिसाद २:
'मेक', 'सी', 'हिअर' यांचं कर्मणी केलं की 'टू' परत येतो. 'ही वॉज सीन टू एंटर' हेही तसंच. 'लेट'चं कर्मणी विचारलं तर पर्यायात 'वॉज अलाउड टू' शोध.