मेडिकलचा अर्ज पडला. आता एक वर्षाची मास्टर्स, की पुन्हा अंडरग्रॅडचेच क्लास?

एडिसनकर
लेकीनं गेल्या जूनमध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बावीस मेडिकल कॉलेजांना अर्ज केला होता. सतरा ठिकाणचे सेकंडरी निबंध (मूळ अर्जानंतर कॉलेजं स्वतंत्र मागतात ते) लिहिले, मुलाखत एक आली, तीही वेटलिस्टवर जाऊन विरली. बायॉलॉजीची पदवी, जीपीए (चारपैकी सरासरी गुण) ३.२, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५१२. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांचा सरासरी एमकॅट साधारण एवढाच असतो, पण जीपीए ३.८ च्या आसपास. म्हणजे दुखणं कुठे आहे ते उघड आहे. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस आणि सी, फिजिक्समध्ये सी. त्याच वर्षी माझी बायपास झाली होती आणि ती दर शुक्रवारी बस पकडून घरी यायची. शेवटच्या वर्षी मात्र ३.७.

आता दोन वाटा आहेत. एक, स्पेशल मास्टर्स, ज्याला सगळे एसएमपी म्हणतात. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय एका वर्षात करायचे. तिला जिथे प्रवेश मिळालाय तिथली फी राहणं-खाणं सोडून पन्नास हजार डॉलरच्या पुढे आहे. दुसरी वाट पोस्ट-बॅकची. पदवी झालेलीच आहे, तरी स्टेट युनिव्हर्सिटीत नाव घालून फिजिऑलॉजी, इम्युनॉलॉजी, बायोकेमिस्ट्री असे वरच्या पातळीचे अंडरग्रॅड क्लास करायचे. खर्च तिसरा हिस्सा, आणि घरी राहून.

माझं मत पोस्ट-बॅकच्या बाजूनं. कागदावर मांडून बघा: १२० क्रेडिट ३.२ नं झालेत, त्यात ३० क्रेडिट निव्वळ ए मिळवले तर ३.३६ होतात. मास्टर्समध्ये पैकीच्या पैकी आणले तरी अंडरग्रॅडचा आकडा ३.२ चा ३.२ च, कारण ॲमकास, म्हणजे एमडी कॉलेजांची सामायिक अर्ज-व्यवस्था, मास्टर्सचे गुण वेगळ्या रकान्यात मांडतं. मग एसएमपी हा पन्नास हजारांचा जुगारच नाही का? ज्यांची मुलं त्या वाटेनं गेली त्यांनी खोडून काढावं.

जास्वंदी
तुमची बेरीज बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. ३.२ चे ३.३६ झाले म्हणून कोणत्या कमिटीचं मन वळणार आहे? त्यांना एकच शंका असते, ही मुलगी पहिल्या वर्षाच्या माऱ्यात टिकेल का. एसएमपी त्या शंकेला सरळ उत्तर देतं. जॉर्जटाउनचा प्रोग्रॅम १९७५ पासून चालू आहे तो याच जोरावर: मेडिकलच्या मुलांबरोबर तेच कोर्स, त्याच परीक्षा.

माझ्या मुलाचा जीपीए तुमच्या लेकीपेक्षा कमी होता, ३.१. बॉस्टनला असाच एक वर्षाचा कोर्स केला. त्या वर्षी नाताळात घरी आला तेव्हा फ्रीजच्या दारावर मार्करनं ब्रॅकियल प्लेक्सस (खांद्यातून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) काढायचा, पुसायचा, परत काढायचा. मी भाजी काढायला दार उघडलं की ओरडायचा, "आई, मीडियन नर्व्ह पुसली!" हिरवट डाग अजून आहेत त्या दारावर. पुढच्याच वर्षी एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) लागला. संध्याकाळचे दोन-दोन क्लास करून तो तिथे पोचला असता असं मला वाटत नाही.

दुसरी पाळी
ओहायोत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) करतोय. जास्वंदीताई, तुमचा मुलगा लागला याचा आनंदच आहे, पण जे लागत नाहीत त्यांच्या फ्रीजची गोष्ट कोणी सांगत नाही. मी स्वतः एसएमपी केलं. माझ्यासोबत खोलीत राहणारा हुशार मुलगा होता. पहिल्या ब्लॉकलाच आजारी पडला आणि वर्षअखेर ३.१ वर आला. अंडरग्रॅडमध्ये बी मिळाला तर पुढच्या सेमिस्टरला भरून काढता येतो. एसएमपीत बी आले की "मेडिकलचा अभ्यास झेपत नाही" याचा दाखला तुम्ही स्वतःच कॉलेजच्या हातात दिलेला असतो. त्यानंतर दाखवायला काही उरत नाही. तो आज हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे, चांगला रमलाय, पण त्या वर्षाचं कर्ज अजून फेडतोय.

कर्जाचंही बघा. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. साध्या मास्टर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच, मेडिकलला ५०,०००. एसएमपी मास्टर्समध्ये मोडतं. वरचे पैसे खाजगी कर्जातून, म्हणजे बहुधा बाबांच्या सहीवर.

तात्या कोथरूडकर
एवढा खटाटोप कशाला? इकडे एनआरआय कोट्यातून एमबीबीएस होईल. आजी-आजोबाही खूश.

दुसरी पाळी
तात्या, आधी नीटची परीक्षा द्यायची, मग साडेपाच वर्षं, मग अमेरिकेच्या परीक्षा, मग मॅच (रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप). पदवीची चार वर्षं गेलीत ती वेगळीच. २०२४ च्या मॅचमध्ये बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्के लागले, इथल्या एमडीच्या शेवटच्या वर्षातले ९३.५ टक्के. ती पुण्यात राहून डॉक्टर होणार असेल तर गोष्ट वेगळी.

तात्या कोथरूडकर
आजी-आजोबांचा मुद्दा कोणी खोडला नाही हे नमूद करतो.

फाटक
एडिसनकर, ऑरगॅनिक पुन्हा करून टाका की. डीओ (ऑस्टिओपॅथिक, एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) कॉलेजं जुना ग्रेड काढून नवा धरतात. पुतण्याच्या वेळी तसंच झालं होतं.

सव्वीस पूर्ण
फाटककाका, तो नियम २०१७ मध्ये गेला. आता डीओच्या अर्जातही दोन्ही ग्रेड मोजतात, ॲमकासमध्ये तर आधीपासूनच. सी पुन्हा करण्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीत ए आणलेला बरा. ऑरगॅनिक येत नसतं तर तो आला नसता, हे वाचणाऱ्याला कळतं.

मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पोस्ट-बॅक करूनच आले. माझी पदवी इतिहासाची, त्यामुळे माझं पोस्ट-बॅक वेगळ्या जातीचं. ब्रिन मॉर, गाउचर यांचे प्रोग्रॅम माझ्यासारख्यांसाठी आहेत, ज्यांनी सायन्स केलेलंच नाही. एडिसनकरांच्या लेकीला तिथे घेणार नाहीत. लोक दोन्हींना पोस्ट-बॅक म्हणतात आणि गल्लत होते.

पण काका, मला वेगळंच विचारायचंय. त्या बावीस कॉलेजांत डीओ किती होती? आणि दुसऱ्या राज्यांची सरकारी कॉलेजं किती?

एडिसनकर
डीओ एकही नाही. दुसऱ्या राज्यांची सरकारी सात.

सव्वीस पूर्ण
मग आधी यादी बदला! सरकारी कॉलेजं बहुतेक जागा आपल्या राज्यातल्या मुलांना देतात. त्या सातांतल्या बऱ्याच ठिकाणची अर्जाची फी पाण्यात. आणि ३.२ ला, तेही शेवटचं वर्ष ३.७ असताना, डीओ कॉलेजं दारातून परत पाठवतीलच असं नाही. एसएमपी की पोस्ट-बॅक हा प्रश्न नंतरचा.

जास्वंदी
हे मला मान्य. आमच्याकडेही डीओचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "लोकांना काय सांगायचं, मालिशवाला डॉक्टर?"

दुसरी पाळी
माझी सीनियर डीओ आहे. रात्री तीन वाजता सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) जमेना तेव्हा मी तिलाच हाक मारतो. २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यता दोघांना एकच, २०२४ ला डीओंचं मॅच ९२.३ टक्के होतं. न्यूरोसर्जरी किंवा त्वचारोगच हवा असेल तर एमडीचा फायदा आहे, ते नाकारत नाही.

एडिसनकर
खरं सांगतो, डीओ नको हे लेक म्हणाली नव्हती, मी म्हणालो होतो. काल हा धागा तिला वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही, समजतं सगळं. मालिशवाल्यापाशी ती हसली, मग म्हणाली, "बाबा, दॅट्स यू." गप्प बसलो.

ठरलं ते असं. फॉलला फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, स्प्रिंगला इम्युनॉलॉजी आणि जेनेटिक्स, सोबत इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याची, नोकरी. पुढच्या जूनमध्ये अर्ज, त्यात दहा तरी डीओ. त्या एसएमपीची जागा सोडतोय. डिपॉझिटचे पाचशे डॉलर गेले.

जास्वंदी
दोन क्लास आणि नोकरी म्हणजे तीस क्रेडिट व्हायला दोन वर्षं लागतील, आणि एमकॅट बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांपलीकडे चालत नाही. तुमच्या कागदावर हे कुठेच नव्हतं. एसएमपीवाली मुलं तोवर अर्ज करून मोकळी झालेली असतील.

एडिसनकर
एमकॅटची तारीख बघितली, पुढचं एक चक्र निघतं. त्या पुढचं नाही.

जास्वंदी
मग डिसेंबरात फिजिऑलॉजीचा ग्रेड आला की इथेच कळवा. ए असेल तर पेढे. बी असेल तर मी हा धागा वर काढणार आहे.

तात्या कोथरूडकर
पेढे कुठल्या पत्त्यावर?