मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातल्या काळ्या मातीवर गॅरेजचं काँक्रीट कसं टिकवायचं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं घर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीत आणि पाण्यात खार आहे तिथं. घराच्या अंगाला १४ बाय २२ फूट मोकळी जागा आहे, तिथं टिनाचं शेड टाकून खाली काँक्रीट करायचंय. आत बोलेरो आणि ट्रॅक्टर उभे राहतील, ट्रॅक्टरला बरेचदा रोटाव्हेटर लावलेला असतो. ट्रॉली बाहेरच. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.

अडचण मातीची आहे. ज्यांनी हा भाग पाहिला त्यांना सांगायला नको. मे महिन्यात अंगणातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि जुलैत त्याच जागी भेग कुठं होती ते सापडत नाही. आमच्या गल्लीत एकही पोर्च सरळ नाही. चुलतभावाच्या पोर्चमध्ये चार इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) करून वर शहाबादी बसवली होती. ती मधोमध अशी उचलली की पाणी सांडलं तर चारी बाजूंना पळतं. फाटक खाली घासतं म्हणून कापून घेतलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घासायला लागलं.

तीन जणांना विचारलं, तिघांची तीन मतं. मिस्त्री म्हणतो सहा इंच जाडी आणि डबल जाळी टाका, बाप जन्मात हलणार नाही. एक ठेकेदार म्हणतो खाली फूट-दीड फूट रेती भरा, फुगलेली माती रेतीत जिरते. दुसरा म्हणतो ट्रिमिक्स करा (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी मशीननं ओढून घ्यायची पद्धत). दर सांगताना मात्र तिघंही छातीठोक.

शिवाय दोन गोष्टी. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, ते काँक्रीटला चालेल का? आणि जागेच्या कडेपासून आठेक फुटांवर मोठा कडूलिंब आहे. आई तो तोडू देणार नाही, मलाही तोडायचा नाही. बजेट बेताचं आहे. एकदाच करायचं, पण धड करायचं.

कोथरूडकर_७२

सोपं आहे. काळी माती काढून टाका, पक्का मुरूम लागेपर्यंत खोदा, त्यावर ९ इंच दगडी सोलिंग, ४ इंच पीसीसी, वर स्लॅब. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला असंच केलं, काही झालं नाही.

वऱ्हाडी_गडी

कोथरूडकर दादा, तुमच्याकडं तीन-चार फुटांवर मुरूम लागते, आमच्याकडं खोदत बसलं तं मुरूम लागतच नाही. पूर्णेचा गाळ हाये हा, बोअर मारतानी पाहा, माती संपता संपत नाही. मुरूम पायजे असला तं तो टिप्परनं दुरून आणा लागते, अन् त्याचाच खर्च सगळ्यात जास्त.

पूर्णाकाठ भाऊ, रेती मात्र भरू नोका. आमच्या मामानं भरली होती. पुढचं काय ते कोणी इंजिनीअर सांगल, पण पोर्चची दैना मी डोळ्यानं पाह्यली.

जुना_पाटकरी

पाटबंधारे खात्यात कालव्याच्या अस्तरीकरणावर नोकरी गेली. काळ्या मातीनं काँक्रीट कसं उचलतं हे रोजच पाहत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चुलतभावाचा पोर्च. मध्येच का फुगला? उघड्या जमिनीतून ओल वर येते आणि उन्हानं उडून जाते. त्यावर काँक्रीट पडलं की उडायची वाट बंद. ओल मधोमध साठत जाते, तिथली माती फुगलेलीच राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात भिजते, वरखाली होत राहते. म्हणजे तुमचा शत्रू ओल नाही, ओलीतला फरक आहे. माती कायम सारखी ओली राहिली तर ती कुणाला त्रास देत नाही.

हे लक्षात घेतलं की मिस्त्रीचं म्हणणं का चुकतं ते कळेल. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. भिजताना तिचा दाब एवढा असतो की सहा इंचांच्या स्लॅबचं वजन त्यापुढं काहीच नाही. जाडी वाढवून फुगवटा थांबत नाही, फार तर दोन बारीक तड्यांऐवजी एक मोठा तडा मिळेल. पाच इंच पुरे आहेत. उरलेला पैसा खाली आणि कडेला घाला.

रेतीचं असं की ती पाणी अडवत नाही, साठवते. चारी बाजूंना काळी माती आणि मध्ये रेती, म्हणजे स्लॅबखाली तुम्ही हौद बांधलात. पावसाळ्यात तो भरणार आणि खालची माती महिनाभर निवांत पाणी पिणार. सोलिंगचंही तेच, दगडांतल्या पोकळ्या पाणी धरतात. करायचंच असेल तर सगळी पोकळी मुरमानं गच्च भरून करा, पण मी या जागी करणार नाही.

भर हवी ती चिकटून बसणाऱ्या पण न फुगणाऱ्या मातीची. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी हे काम केलं, सीएनएस थर म्हणतात त्याला, आणि कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यापासून तो वापरला गेला. भारतीय मानकांतही (आयएस ९४५१) आहे. कालव्याला साधारण मीटरभर थर देतात. तुमच्या गॅरेजला दोन फूट दिला तरी फरक कळेल, तीन फूट जमला तर उत्तम. नुसता खडेखडे मुरूम नको, थोडी माती धरणारा तांबडा मुरूम हवा. मूठभर ओलसर मुरूम दाबला तर लाडू व्हावा आणि खाली टाकला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. रेतीसारखा सुटला तर तो नको, बुटाला लोण्यासारखा चिकटला तर तोही नको.

पूर्णाकाठ

पाटकरी काका, खूप आभार. ओलीतल्या फरकाचा मुद्दा कुणीच सांगितला नव्हता. मुरूम किती लागेल? आणि इथं तांबडा म्हणून जो येतो तो खरंच फुगत नाही हे ओळखायचं कसं?

जुना_पाटकरी

खड्डा स्लॅबपेक्षा चारी बाजूंनी दोन फूट मोठा घ्या, म्हणजे १८ बाय २६. दोन फूट खोल धरला तर ९३६ घनफूट, तेही दाबून बसलेला. सुटा मुरूम पाव भाग जास्त, म्हणजे पावणेबारा ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). टिप्परवाल्याशी ब्रासवर बोला, खेपेवर नाही. खेपेत किती येतं हे फक्त त्यालाच माहीत असतं.

मुरमाची घरच्या घरी चाचणी होते. वाळवलेला मुरूम कुटून बारीक चाळणीतून गाळा. १०० मिलिलिटरच्या, मापाच्या खुणा असलेल्या दोन नळ्या घ्या, मेडिकल दुकानात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतील. दोन्हींत १०-१० ग्रॅम टाका, एकीत पाणी भरा, दुसरीत घासलेट. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. घासलेटात माती फुगत नाही. घासलेटातल्या मातीची पातळी १० आणि पाण्यातल्या मातीची १२ असेल तर फुगवटा २० टक्के. ५० च्या आत असेल तर चिंता नको, १०० च्या वर गेला तर तो टिप्पर परत पाठवा. शेजारी अंगणातली काळी मातीही ठेवून पाहा. पाण्याच्या नळीतली पातळी चढलेली दिसली की घरच्यांना मुरमाचा खर्च पटवायला वेगळं भाषण करावं लागणार नाही. (घासलेट मिळवणं हीच आता खरी परीक्षा आहे.)

थर सहा-सहा इंचांचे टाका, प्रत्येक थर ओलसर असतानाच धुमसानं किंवा प्लेट कॉम्पॅक्टरनं बसवा. दोन फूट एकदम भरून वर पाणी सोडलं तर वरचा थर बसतो आणि खालचा तसाच राहतो.

चुना_आणि_सिमेंट

एवढा मुरूम कशाला? काळ्या मातीतच ४-६ टक्के कळीचा चुना मिसळा, माती फुगायची थांबते. रस्त्यांना करतात की.

सळई_खडी

@चुना_आणि_सिमेंट, एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण हा खारपाणपट्टा आहे. जमिनीत सल्फेट जास्त असेल तर चुन्याशी त्याची क्रिया होऊन फुगवटा उलट वाढतो. चुना घालायचा तर आधी मातीचं रासायनिक परीक्षण करून घ्यावं लागेल, अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल विभागात विचारून पाहता येईल. आणि २२ फुटांच्या गॅरेजसाठी फावड्यानं चुना मिसळणं म्हणजे कुठं पांढरी माती, कुठं काळी. मुरूमच बरा.

पूर्णाकाठ, मी साइटवर असतो, काँक्रीटबद्दल लिहितो.

बोअरचं पाणी नको, म्हणजे नकोच. लोखंड असलेल्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आयएस ४५६ मध्ये तसं स्पष्ट आहे. तुमच्या पट्ट्यात बोअर त्याच्या कितीतरी वर असू शकतो. सळई आतून गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून काढते. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते साठवा, नाहीतर गोड्या पाण्याचा टँकर बोलवा. मिसळायलाही तेच आणि नंतर मारायलाही तेच. लोक इथं चुकतात, काँक्रीट गोड्या पाण्यात करतात आणि पुढे बोअरचा पाइप सोडून देतात.

सिमेंट पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट घ्या, क्षारांपुढं ते जास्त टिकतं. ५३ ग्रेडचा हट्ट नको. सिमेंट, रेती, खडीचं प्रमाण १:१.५:३, म्हणजे एम २० ताकदीचं काँक्रीट. पाच इंचांना साधारण ३० गोण्या जातील. आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) तुमच्यापर्यंत वेळेत येत असेल तर एम २५ मागवा. मिक्सरवर करणार असाल तर एकच गोष्ट पाहा : एका गोणीला पाणी ३० लिटरच्या वर जाता कामा नये, आणि रेती ओली असेल तर तेही कमी करायचं. पाइप नको, डबा मोजून. बिगारी कुरकुर करतील, काँक्रीट ओढायला जड जातं म्हणून. करू द्या.

जाळी एकच, ८ एमएम, दोन्ही बाजूंनी ८ इंचांवर, आणि ती स्लॅबच्या वरच्या अंगाला, वरून दीड-दोन इंचांवर हवी. चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे टेकू) लावा. जाळी जमिनीवर अंथरायची आणि काँक्रीट पडताना आकड्यानं वर ओढायची हा प्रकार तुमच्यासमोर झाला तर काम थांबवा. ओढलेली जाळी पाय पडला की परत खाली जाते.

मुरमावर जाड प्लास्टिक, २५० मायक्रॉनचं, जोडावर फूटभर चढवून. ते खालून येणारी ओल आणि खार दोन्ही अडवतं. नाहीतर दुसऱ्या वर्षी फरशीवर खाराची पांढरी फुली दिसायला लागते.

आणि स्लॅब कशालाही बांधू नका. शेडचे खांब त्यांच्या स्वतःच्या पायावर, स्लॅब स्वतंत्र. खांब, भिंत, प्लिंथ जिथं येईल तिथं अर्ध्या-पाऊण इंचाचा थर्माकोल किंवा डांबरी बोर्ड घाला, वर सीलंट भरा. हललं तर सगळं एकत्र हलू दे, भिंत फाडून नको. लांबीत दोन आणि रुंदीत एक असे कट मारा, सहा चौकोन पडतील. कट दुसऱ्या दिवशी सकाळीच, सव्वा ते दीड इंच खोल. तडा जाणारच आहे, तो तुम्ही सांगाल तिथं गेला पाहिजे.

ट्रिमिक्सनं वरचा पृष्ठभाग चांगला होतो यात वाद नाही. पण मातीचं दुखणं त्यानं जात नाही, आणि ३०८ चौरस फुटांसाठी मशीनवाला येणारही नाही. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटू देऊ नका, वर्षभरात टायरखाली धूळ सुटते.

ब्लॉकवाला_नाही_मी

एक वेगळं मत. काँक्रीट करूच नका. मुरमाची भर पाटकरी काका म्हणतात तशी करा आणि वर ८० एमएमचे इंटरलॉकिंग ब्लॉक बसवा. जमीन हलली तर ब्लॉक उचला, खाली सारखं करा, परत बसवा. काँक्रीट फुटलं तर ब्रेकर आणावा लागतो.

पूर्णाकाठ

हे पटण्यासारखं आहे. पण ब्लॉकच्या फटींतून पाणी खाली जाणार नाही का? गाडी आम्ही आतच धुतो.

जुना_पाटकरी

जाणारच. म्हणून ब्लॉक हवे असतील तर गाडी धुणं बाहेर, आणि घरापासून लांब. नाहीतर ब्लॉक वाईट नाहीत. बाहेरच्या ट्रॉलीच्या जागेला मी ब्लॉकच सांगेन.

आता कडेचं, जे सगळे शेवटी करतात आणि पैसे संपलेत म्हणून सोडून देतात. स्लॅबच्या चारी बाजूंनी चार फूट रुंद प्लिंथ प्रोटेक्शन (कडेची पक्की पट्टी), उतार बाहेर, खाली प्लास्टिक. टिनाचं पाणी पन्हळीत घेऊन पाइपनं लांब सोडा. थेट कडेला पडलं तर बाकी सगळं केलेलं वाया. शोषखड्डा, मोरीचं पाणी, धुण्याचा नळ यांतलं काही पंधरा फुटांच्या आत नको. आतला उतार दाराकडे, २२ फुटांत अडीच इंच.

कडूलिंब राहू द्या. झाड मुळांनी काँक्रीट उचलतं त्यापेक्षा उन्हाळ्यात एका बाजूची ओल ओढून घेतं हा त्रास मोठा, तेवढी बाजू खचते. त्या बाजूनं स्लॅबपासून तीन फूट सोडून चार-पाच फूट खोल चर घ्या, जाड प्लास्टिक उभं लावा आणि चर परत त्याच मातीनं दाबून भरा. मोठी मुळं लागली तर सरसकट तोडू नका, चर थोडा वळवा. आणि झाडाला पाणी द्यायचं ते पलीकडच्या अंगानं.

पूर्णाकाठ

काका, शेवटचा प्रश्न. मिस्त्री म्हणतो एप्रिल-मेमध्ये करू, तेव्हा माणसं मोकळी असतात आणि माती कोरडी ठणठणीत असते. चालेल?

जुना_पाटकरी

तीच सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा माती पूर्ण आक्रसलेली असते. भेगांवर काँक्रीट टाकाल आणि जूनमध्ये ती पूर्ण फुगेल. आत्ता फेब्रुवारीत मातीत मध्यम ओल आहे, आत्ताच खोदा. खड्डा उघडा ठेवून वाळू देऊ नका, खोदला की लगेच मुरूम. काही कारणानं उशीर झाला आणि तळाला भेगा दिसल्या तर आधी तळ आठवडाभर गोड्या पाण्यानं हळूहळू भिजवा, भेगा मिटू द्या, चिखल बसू द्या, मगच भर.

काँक्रीट मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. शेड आधी उभं करा, म्हणजे सावली मिळेल. पाणी १४ दिवस. पीपीसी आणि आपलं ऊन, त्याहून कमी चालत नाही. मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवा, पण वाफ्याला अंगणातली काळी माती वापरू नका, डाग जात नाहीत. महिनाभर ट्रॅक्टर आत नको.

वऱ्हाडी_गडी

मुरूम आणाचा असला तं अंजनगावकडून पाहा भाऊ, सातपुड्याच्या पायथ्याकडं मिळते. पण नळीतली परीक्षा करूनच घ्या, तांबडं दिसते ते सगळंच मुरूम नसते. घासलेट आमच्याकडं हाये अर्धी बाटली, लागलं तं कळवा.

पूर्णाकाठ

कळवतो भाऊ. दोन नळ्या शाळेतून मिळाल्यात, रविवारी मुरमाचा नमुना आणायला जातोय.